ओहोटीच्या दिवसांचा नियम

खाडीकाठच्या एका गावात एकदा एक तरुण शिक्षक नेमला गेला. तो घाटावरचा होता. समुद्र त्याने तोवर दुरूनच पाहिलेला. सात वर्षे एका वृद्ध गुरुजींच्या हाताखाली तो शिकला होता, आणि शिकवणे हेच आपले आयुष्याचे काम आहे, अशी त्याची मनापासून श्रद्धा होती.

शाळा म्हणजे कौलारू छपराची एकच लांब खोली. खाडीच्या अलीकडे मिठागरात राबणाऱ्यांची वस्ती, पलीकडे कोळ्यांची. शाळा अलीकडच्या काठावर, पण मुले दोन्हीकडची. पलीकडची सतरा मुले रोज होडीतून येत.

आल्यावर पहिल्याच आठवड्यात शिक्षकाने भिंत पांढरी करून घेतली आणि तिच्यावर गेरूने, वळणदार अक्षरांत, अकरा नियम लिहिले. त्याच्या स्वतःच्या गुरुजींच्या शाळेत भिंतीवर काहीच लिहिलेले नसे. ती उणीव आपण भरून काढली, असे त्याला वाटले. नियम वाईट नव्हते. बोलायचे तर हात वर करावा. दुसऱ्याची पाटी पुसू नये. शिक्षक शिकवत असताना उठू नये. अकरांतला पहिला नियम असा होता : शाळा नऊला भरेल, घंटेनंतर येणाऱ्याने मधल्या सुट्टीपर्यंत दाराबाहेर उभे राहावे.

लिहून झाल्यावर तो दोन पावले मागे सरला आणि समाधानाने भिंतीकडे बघत राहिला. आता फक्त शिकवायचे, असे त्याच्या मनात आले.

पण शिकवणे बाजूलाच राहिले. सकाळपासून दुपारपर्यंत तो नियमांच्याच मागे धावू लागला. एकीकडे वळावे तर दुसरीकडे कुजबुज. तिकडे डोळे वटारावेत तर मागे कुणीतरी उठलेले. मुले शिस्त शिकली नाहीत, पण एकमेकांवर पाळत ठेवायला मात्र लवकर शिकली.

"मास्तर, हा बोल्ला."

"मी नाय, मास्तर. हिनं माझी पाटी पुसली."

"मास्तर, ती हात वर न करता सांगते की मी बोल्लो!"

संध्याकाळी त्याचा घसा बसलेला असे. भाकरी थापायचाही कंटाळा येई. दिवसभरात काय शिकवले, हे आठवू गेले तर आठवत नसे. कुणाला किती वेळा गप्प केले, तेवढे आठवे.

सर्वांत जास्त त्रास पहिल्या नियमाने दिला. पलीकडची मुले काही दिवस वेळेवर येत, मग एकाएकी उशिरा येऊ लागत. एक दिवस तासभर उशीर, दुसऱ्या दिवशी दोन तास, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. मग पुन्हा काही दिवस अगदी वेळेवर. याला स्वैरपणाच म्हणायचे, नाही तर काय! तो त्यांना दाराबाहेर उभे करी. ती काही बोलत नसत. माना खाली घालून, चिखलाने भरलेल्या पायांनी, मुकाट उभी राहत. हळूहळू सतरांची नऊ झाली, नवांची चार. होळीनंतर पलीकडून कुणीच आले नाही.

चैत्र लागण्याच्या चार दिवस आधी शिक्षकाने आपल्या गुरुजींना पत्र लिहिले. 'मला हे साधत नाही. मुले माझ्यामुळे शाळा सोडून जात आहेत, आणि मी इतका थकलो आहे की ती गेल्याचे दुःखदेखील मला नीट होत नाही. येत्या एकादशीला मी हे काम सोडून परत येईन. आपण रागावू नये.'

उत्तर दोन ओळींचे आले. 'मी येतो आहे. तोवर भिंतीवरचे काही पुसू नकोस.'

गुरुजी द्वितीयेच्या संध्याकाळी पोचले. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. हातात काठी, खांद्यावर धोतरजोडीचे गाठोडे. शिक्षकाने त्यांच्यासाठी खोली सारवून ठेवली होती, खाटेवर धुतलेली चादर घातली होती. गुरुजींनी खोली पाहिली, भिंतीवरचे नियम दोनदा वाचले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मी पलीकडे राहीन."

"पलीकडे? कोळीवाड्यात?"

"हो. होडीवाल्याला विचारून ठेवलंय. त्याच्या पडवीत जागा आहे."

"पण गुरुजी, इथे सगळी सोय आहे. माझं काही चुकलं का?"

"परवापासून शाळेत येईन," गुरुजी म्हणाले, आणि शेवटच्या होडीने गेलेसुद्धा.

शिक्षकाला फार लागले. ज्यांच्या पायाशी बसून शिकलो, ते माझ्या घरी राहायलाही तयार नाहीत, या विचाराने त्याला त्या रात्री जेवण गेले नाही.

चतुर्थीला त्याने नऊची घंटा दिली. गुरुजी आले नव्हते. साडेनऊ झाले, दहा झाले. साडेदहाला होडी लागली आणि गुरुजी उतरले. त्यांच्यामागून सात मुलेही उतरली. कित्येक दिवस न दिसलेली मुले. सगळ्यांचे पाय पोटरीपर्यंत चिखलात भरलेले, गुरुजींचेही.

शिक्षक धावत दाराशी गेला. "या गुरुजी, या. किती उशीर झाला! बसा, मी पाणी आणतो."

गुरुजी उंबऱ्याबाहेरच थांबले. काठी भिंतीला टेकवली, आणि मुलांच्या ओळीत जाऊन उभे राहिले.

"आत या ना."

"पहिला नियम वाचलाय मी."

"तो मुलांसाठी आहे, गुरुजी."

"मुलांसाठी असं लिहिलेलं नाही. येणाऱ्याने, असं लिहिलंय. आम्ही आठही जण आत्ताच आलो."

चैत्रातले ऊन. दाराबाहेर झाड नाही, सावली नाही. शिक्षकाला काय करावे कळेना. आत बत्तीस मुले बघत होती. तो फळ्याकडे वळला आणि लिहू लागला. थोड्या वेळाने त्याने सुट्टीची घंटा द्यायला हात उचलला, तर बाहेरून आवाज आला, "अजून बारा वाजले नाहीत. घाई करू नकोस. धडा पुरा शिकव."

ओळीत गुरुजींच्या शेजारी लाडकू नावाचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा उभा होता. तो हळूच म्हणाला, "आजोबा, एका पायावर जोर देऊन उभं रायचं. मंग दुसऱ्यावर. तसं केलं की पाय दुखत नाय."

"तुला बरी सवय आहे रे."

"सवय हायच," लाडकू म्हणाला. "आमच्यात मीच सर्वांत जास्त उभा रायलोय."

बारा वाजेपर्यंत गुरुजी उभे राहिले. मग आत येऊन शेवटच्या ओळीत पोरांमध्ये बसले, आणि संध्याकाळपर्यंत धडे ऐकले. शाळा सुटल्यावर शिक्षकाने त्यांना काठावर गाठले.

"गुरुजी, उद्या तरी लवकर निघाल ना?"

"होडी सुटत नाही."

"मी होडीवाल्याला ताकीद देतो."

गुरुजी म्हणाले, "त्याला ताकीद देऊन काय होणार?" आणि होडीत बसले.

पंचमीला ते आणखी उशिरा आले, सव्वाअकराला. सोबत अकरा मुले होती. पुन्हा तीच ओळ, तेच ऊन. आज गुरुजींचा चेहरा लाल झाला होता, आणि उपरण्याने ते सारखे कपाळ पुसत होते. शिक्षक एक वाक्य फळ्यावर लिही आणि दाराकडे बघे, पुन्हा लिही आणि पुन्हा बघे.

अलीकडच्या मुलांत चांगुणा नावाची मुलगी होती. धीट, जिभेची तिखट. ती हात वर न करताच उठली.

"मास्तर, आजोबांना आत घ्या."

"मी कालपासून बोलावतोय. ते येत नाहीत."

"कसे येतील? तुमीच तर लिवलंय."

शिक्षक दाराशी गेला. "गुरुजी, मी हात जोडतो. आत या."

"मी एकटा? आणि ही पोरं?"

"सगळेच या! बाराही जण या!"

"आज तुला माझी दया आली, म्हणून," गुरुजी म्हणाले. "उद्या मी गेलो की?"

"मग मी तो नियम पुसूनच टाकतो!" शिक्षक ओरडला. ओरडायचे नव्हते त्याला, पण इतक्या महिन्यांचा शीण त्या आवाजातून बाहेर पडला. त्याने फळ्याचे फडके पाण्यात बुडवले आणि तो भिंतीकडे निघाला.

"थांब," गुरुजी म्हणाले. "लिहिलास तेव्हा कुणाला विचारलं नव्हतंस. पुसताना तरी विचार."

फडक्यातून पाणी जमिनीवर ठिबकत होते. मग शिक्षक वळला, दाराशी आला, आणि उंबऱ्यावरच बसला. इतक्या दिवसांत तो मुलांच्या समोर असा खाली कधी बसला नव्हता. समोर लाडकू उभा होता.

"लाडकू, तुम्हांला उशीर का होतो रे?"

लाडकूने आजूबाजूला पाहिले. प्रश्नात काहीतरी खोच असावी, असे त्याला वाटले असावे. "मास्तर, ओहोटी असते ना."

"म्हणजे?"

"म्हंजे... पानी नसतं."

"कुठे नसतं?"

आत कुणीतरी फिस्सकन हसले. मग बाहेरची मुले हसली, आणि क्षणात सगळी शाळा हसू लागली. चांगुणा तोंडाला हात लावून म्हणाली, "अगं बाय! मास्तरांना ओहोटी ठाऊक नाय!"

मग एकजण सांगू लागला, त्याला दुसरा अडवू लागला. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज दोन-दोन घटका, म्हणजे पाऊण तास, पुढे. त्यामुळे तृतीयेपासून षष्ठीपर्यंत, शुक्ल पक्षात आणि कृष्ण पक्षातही, शाळेच्याच वेळेला खाडीत चिखल उघडा पडतो आणि होडी रुतून बसते. पाणी चढेल तेव्हा ती हलायची.

"आणि ओहोटी लागायच्या आधी निघालं तर?" शिक्षकाने विचारले.

"तवा होडी मासळीला लागलेली असते. मासळी उतरल्याबिगर ती मोकळी होत नाय. एकच तर होडी हाय."

शिक्षकाला आठवले : काही दिवस वेळेवर, मग तासभर उशीर, मग दोन तास, मग आणखी. ज्याला तो पोरांचा स्वैरपणा समजला होता, ते चंद्राचे वेळापत्रक होते. गावातले शेंबडे पोरही ते बोटांवर मोजून सांगत होते, आणि तो घड्याळ पाहून घंटा देत होता.

"अरे, मग मला हे सांगितलं का नाहीत?"

हसणे थांबले. लाडकू पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"आमाला वाटलं, तुमाला ठाऊक हाय. ओहोटी कुनाला ठाऊक नसते? तुमी नऊ वाजताची शाळा लिवली, आन उशिरा येईल त्यानं बाहेर... तवा माझी आय म्हनाली, मास्तरांना आपली पोरं शाळेत नको असतील. तसं तोंडावर सांगत नायत, म्हनून भिंतीवर लिवलं."

शिक्षकाने वळून आत पाहिले. अलीकडच्या मुलांनी नजर चुकवली. त्यांच्याकडे पाहून त्याला कळले की त्यांनाही तसेच वाटत आले होते. सगळ्या गावाला तसेच वाटत आले होते.

"नाही रे," तो शेवटी म्हणाला. "मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं."

"मंग आता काय करायचं?" चांगुणाने विचारले. ती कंबरेवर हात ठेवून उभी होती.

शिक्षक लगेच म्हणाला, "आता त्या चार दिवसांत शाळा दुपारी भरवू."

दाराबाहेरून गुरुजी खाकरले. शिक्षक थबकला. मग म्हणाला, "म्हणजे... तुम्हांला काय वाटतं?"

"मला नाय चालनार," चांगुणा म्हणाली. "दोन वाजता मला मिठागरावर आयला भाकरी न्यायची असते. ह्यांच्यापायी माझा धडा बुडंल."

"आन तुझ्यापायी आमी आठ महिने उन्हात!" बाहेरून एकजण ओरडला.

"माझ्यापायी? मी लिवलं का भिंतीवर?"

"तू तर रोज मोजायची, कोन कोन बाहेर हाय ते!"

"मोजायचे! मंग? मास्तरच बोलले होते मोजायला!"

बाचाबाची वाढली. शिक्षकाच्या ओठांवर 'गप्प बसा' आले होते. सवयीने आले होते. ते त्याने गिळले. आणि गंमत अशी की थोड्या वेळाने पोरे आपोआपच गप्प झाली, कारण कुणाचेच बोलणे कुणाला ऐकू येत नव्हते. मग एका लहान मुलीने हात वर केला, आणि बाकीच्यांनी तिला बोलू दिले. ती म्हणाली, होडी येईपर्यंत आम्ही पाढे म्हणू. नवा धडा नको. धडा होडी आल्यावर.

"आन मी दोनला गेले की पुढला धडा?" चांगुणा.

"तो मी सांगीन तुला दुसऱ्या दिवशी," लाडकू म्हणाला. "होडी लई उशिरा आली, आन आमचं काय बुडालं, तर ते तू सांग."

"तू सांगनार? तुला सातचा पाढा येत नाय!"

"तो पन तू सांग."

शिक्षक उठून फळ्याशी गेला आणि ठरेल ते लिहू लागला. आता सगळे मिटले असे त्याला वाटले. पण चांगुणा काही सोडणारी नव्हती. ती दाराशी गेली आणि बाहेरच्या ओळीकडे रोखून पाहू लागली.

"लाडक्या, खरं सांग. दर टायमाला ओहोटीच असते का? अष्टमीला तर पानी असतं सकाळी. मंग गेल्या अष्टम्यांना उशीर का व्हायचा?"

लाडकू दुसरीकडे बघू लागला.

"बोल की."

"चिंबोऱ्या," त्याच्या मागचा एकजण पुटपुटला.

"काय?"

"होडीतून उतरलं की काठाच्या बिळांत चिंबोऱ्या असतात, ह्ये मोठे खेकडे. त्या धरत बसतो आमी." मग आपली बाजू सावरत तो म्हणाला, "रोज नाय. पन असंही कोन आत घेनार होतं? बाहेर उभं रायचं तर चिंबोऱ्या तरी धरू."

पुन्हा हशा. शिक्षकही हसला, किती दिवसांनी कुणास ठाऊक. आठ महिने दरडावून जे कधी बाहेर आले नव्हते, ते त्या पोराने उन्हात उभे राहून आपणहून सांगितले होते.

तेव्हा आणखी एक कलम ठरले. ओहोटीने उशीर झाला तर सरळ आत यावे. चिंबोऱ्यांनी झाला, झोपेने झाला, किंवा अलीकडच्यांना उगाच झाला, तर काय? कुणी म्हणाले, छड्या. कुणी म्हणाले, आठवडाभर बाहेर. पोरांनी सुचवलेल्या शिक्षा ऐकून शिक्षकच घाबरला. "मला एक बोलू द्याल का?" त्याने विचारले, आणि मुलांनी थोडा विचार करून त्याला परवानगी दिली. तो म्हणाला, "धडा चुकेल अशी शिक्षा नको. मी तीच चूक केली होती." मग ठरले की असा उशीर करणाऱ्याने त्या दिवशी विहिरीवरून शाळेचा माठ भरून आणायचा. आणि कारण काय झाले, ते ज्याचे त्याने खरे सांगायचे. ज्याने सांगितले त्याच्यावर पाळत ठेवायची नाही.

"हे मास्तरांना पन," चांगुणा म्हणाली.

"मलाही," शिक्षक म्हणाला, आणि तेही त्याने फळ्यावर लिहिले.

या गडबडीत बारा केव्हाच वाजून गेले होते. सुट्टीची घंटा कुणी दिली नव्हती, आणि कुणी मागितलीही नव्हती. मुलांनी एका आवाजात 'चालेल' म्हटले, तेव्हा गुरुजींनी बाहेरून विचारले, "आता आम्ही आत यावं का?"

चांगुणाने दारात हात आडवा धरला. "आजोबा, आधी कारन सांगा. खरं."

गुरुजी म्हणाले, "ओहोटी होती." मग खाली बघत म्हणाले, "नंतर थोडा वेळ चिंबोऱ्याही बघितल्या. मी आधी कधी बघितल्या नव्हत्या."

शाळेची कौले उडतील की काय, असे हसणे झाले. त्या दिवशी माठ गुरुजींनी भरला; म्हणजे कळशी लाडकूने धरली आणि काठी टेकत गुरुजी त्याच्याबरोबर विहिरीपर्यंत गेले आणि परत आले.

संध्याकाळी गुरू-शिष्य काठावर बसले होते. पाणी उतरू लागले होते आणि दोरीने बांधलेली होडी अजून डोलत होती. शिक्षकाने विचारले, "गुरुजी, ओहोटीची गोष्ट आपण मला पत्रात का नाही कळवलीत? आपल्याला दोन दिवस उन्हात उभं राहावं लागलं नसतं."

"मलाही ठाऊक नव्हती," गुरुजी म्हणाले. "मी कुठला समुद्राचा? तृतीयेला होडीत बसून बघितलं, तर ती चिखलात थांबलेली. तेव्हा पोरांनी मला समजावून सांगितलं."

"मग आपण पलीकडे राहायला का गेलात?"

"नियम ज्यांना बोचतो, ते कुठे राहतात हे बघायला. इथे तुझ्या खोलीत राहून मला तो नियम चांगलाच वाटला असता. दोनदा वाचला होता मी. चांगला लिहिला होतास."

शिक्षकाने मान खाली घातली.

गुरुजी हळू आवाजात पुढे म्हणाले, "तू दुष्ट नव्हतास आणि पोरं बेशिस्त नव्हती. तू नियम एकट्याने केलास, म्हणून तो एकट्यालाच राखावा लागला. पन्नास मुलांवर अकरा नियम, आणि राखणदार एक. माणूस थकणार नाही तर काय होईल? आज ठरलेले नियमही वेळेबद्दलचेच आहेत. पण ते चांगुणाचे आहेत, लाडकूचे आहेत. ज्याने नियम करताना तोंड उघडलंय, त्याला तो पाळताना लाज असते, आणि तो जाचक झाला तर सांगायची हिंमतही असते."

"म्हणजे आता ते मोडणार नाहीत?"

"मोडतील की. पुढच्या आठवड्यातच मोडतील. मोडले की पुन्हा असेच उंबऱ्यावर बसा."

"मग माझे कष्ट काही कमी होणार नाहीत."

"नाही होणार," गुरुजी म्हणाले. "पण वाटून घेतले जातील."

दुसऱ्या दिवशी गुरुजी निघून गेले. एकादशी आली आणि गेली. शिक्षकाने सामान बांधले नाही. आपण त्या दिवशी जाणार होतो, हे त्याने गुरुजींखेरीज कुणाला सांगितलेच नव्हते, त्यामुळे कुणी विचारलेही नाही. भिंतीवरचे गेरूचे नियम त्याने मुलांना विचारून पुसले. नवे चारच उरले, आणि ते मुलांच्या अक्षरांत, वाकडेतिकडे, दोन शब्दांत चूक असलेले. त्या चुकाही मुलांना पुढे दिसल्या आणि त्यांनीच दुरुस्त केल्या.

थकवा मात्र गेला नव्हता. आठ महिन्यांचा होता, आठ दिवसांत कसा जाईल? पुढल्या पक्षातल्या चतुर्थीला तो सकाळी उठला तेव्हा घसा दुखत होता, अंग जड होते, आणि आज होडी उशिरा येणार हे त्याला ठाऊक होते. नऊला त्याने घंटा दिली आणि काठाकडच्या खिडकीशी बसला. खाडी उघडी पडली होती. मधे पाण्याची एक बारीक धार, आणि पलीकडच्या चिखलात होडी तिरकी होऊन रुतलेली. तीत मुले बसलेली, बरीच. त्याने मोजली नाहीत.

आत चांगुणाने पाढे सुरू केले. सगळ्यांनी तिच्यामागे म्हटले. पाचचा झाला, सहाचा झाला. सातचा सुरू झाला तेव्हा वारा पडला होता आणि खाडी अगदी शांत होती. शिक्षकाला वाटले, आपल्याला भास होतो आहे. त्याने हात वर केला, मुले थांबली. त्यांचा आवाज थांबला, पण पाढा थांबला नव्हता. चिखलापलीकडून, रुतलेल्या होडीतून, तो येत होता. सात सक बेचाळीस. सात सत्ते एकोणपन्नास. त्यांना तसे करायला कुणी सांगितले नव्हते, फळ्यावर तसे लिहिलेही नव्हते.

होडीतले एकोणपन्नासवर अडखळले.

चांगुणा खिडकीशी धावली, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली आणि सगळे बळ एकवटून ओरडली, "छप्पन्न, लाडक्या! छप्पन्न!"

पलीकडून छप्पन्न ऐकू आले, आणि पाढा पुढे सरकला. शिक्षकाने डोके भिंतीला टेकवले आणि डोळे मिटून ऐकत राहिला. त्या सकाळी त्याला आवाज चढवावा लागला नाही.